बाटलीत जगणारा फाल्सिपेरम आणि अजून न जगणारा व्हायवॅक्स

हिवतापाच्या परजीवीबद्दल आज आपल्याला जे ठामपणे सांगता येते, त्याचा फार मोठा भाग एका गोष्टीवर उभा आहे. तो परजीवी माणसाच्या शरीराबाहेर, प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये महिनोन्‌महिने जिवंत ठेवता येतो आणि वाढवता येतो, ही ती गोष्ट. मी काही वर्षे हे काम केले आहे. त्या काळात माझ्या मनात एक विचार पक्का होत गेला आणि तो या लेखात मांडायचा आहे. कोणता परजीवी प्रयोगशाळेत जगायला तयार होतो यावर त्या रोगाचे आपले ज्ञान कुठपर्यंत पोहोचणार हे बरेचसे ठरते. माणसाला हिवताप देणाऱ्या परजीवींच्या दोन मुख्य जातींपैकी फाल्सिपेरम तयार झाला, व्हायवॅक्स झाला नाही. मुंबई किंवा गोव्यात पावसाळ्यात ज्याला हिवताप होतो त्याच्या रक्तात बहुधा व्हायवॅक्स असतो, त्यामुळे हा फरक आपल्यासाठी केवळ पुस्तकी नाही.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठातील चार्ल्स बास आणि फॉस्टर जॉन्स यांनी १९१२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. रुग्णाचे रक्त घुसळून त्यातले फायब्रिन हे रक्त गोठवणारे प्रथिन काढून टाकायचे, थोडी द्राक्षशर्करा घालायची आणि ते साधारण ४० अंश सेल्सिअसला ठेवायचे, अशी त्यांची पद्धत होती. परजीवी वाढताना आणि विभागताना दिसले. पांढऱ्या पेशी परजीवींना नष्ट करतात हेही बास यांच्या लक्षात आले आणि त्या काढून टाकण्याची काळजी त्यांनी घेतली. आज आपण करतो त्यातल्या कितीतरी गोष्टी त्या निबंधात बीजरूपाने आहेत. मात्र त्यांचे संवर्धन, म्हणजे शरीराबाहेर परजीवी वाढवत राहणे, फार पुढे जात नसे. पुढच्या साठ वर्षांत ज्यांनी ज्यांनी प्रयत्न केले त्यांचीही वाट बहुतेक तिथेच अडली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या प्रश्नाला मोठा जोर आला, कारण प्रशांत महासागरातल्या बेटांवर लढणाऱ्या सैनिकांना हिवताप जेरीस आणत होता आणि नवी औषधे तपासण्यासाठी साधन हवे होते. हार्वर्ड विद्यापीठातील एका गटाने माकडांना होणाऱ्या नोलेसी या परजीवीवर काम केले. पुढे प्रथिनांच्या अभ्यासासाठी नोबेल पारितोषिक मिळवणारे ख्रिश्चन अ‍ॅनफिन्सन त्या गटात होते. रक्त सतत हलते ठेवायचे आणि पोषक द्रव बदलत राहायचे, ही त्यांची कल्पना होती. शरीरात रक्त वाहते, तेव्हा प्रयोगशाळेतही ते हलते असावे, हा विचार कोणालाही पटण्यासारखा होता, पण या मार्गाने सलग संवर्धन साधले नाही.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करणारे विल्यम ट्रेगर यांनी या एकाच प्रश्नावर आयुष्यातली कित्येक दशके घालवली. १९४० च्या दशकात त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचा लोफुरी हा परजीवी बदकांच्या तांबड्या पेशींत शरीराबाहेर जास्त काळ टिकवण्याचे प्रयोग केले आणि त्याला पँटोथेनिक आम्ल हे जीवनसत्त्व उपयोगी पडते असे दाखवले. नंतर परजीवीला तांबड्या पेशीच्या बाहेर काढून निव्वळ पोषक द्रवात वाढवण्याचे अतिशय कठीण कामही त्यांनी हाती घेतले. ते पूर्णत्वाला गेले नाही, तरी परजीवी यजमान पेशीकडून नेमके काय घेतो याची जाण त्यातून वाढली. जेम्स जेन्सन त्यांच्या प्रयोगशाळेत येऊन दाखल झाले आणि या दोघांचा निबंध २० ऑगस्ट १९७६ च्या ‘सायन्स’मध्ये छापून आला, तेव्हा ट्रेगर ६६ वर्षांचे होते. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासाच्या पोटात परजीवी दिसला तो दिवसही २० ऑगस्टच, साल १८९७. हा योगायोग आहे, पण मला तो दरवर्षी आठवतो.

निबंध जेमतेम तीन पानांचा आहे. व्हिएतनाममधून आलेला फाल्सिपेरमचा एक वाण एओटस जातीच्या माकडात वाढवला होता. त्या माकडाचे रक्त घेऊन त्यात माणसाच्या ताज्या तांबड्या पेशी मिसळल्या. द्रव म्हणून आरपीएमआय १६४० हे माध्यम आणि मानवी सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, वापरले, तापमान ३८ अंश सेल्सिअस ठेवले, आणि वरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ७ टक्के व ऑक्सिजन १ किंवा ५ टक्के एवढाच ठेवला. दर तीन-चार दिवसांनी नव्या तांबड्या पेशी घालत गेले, आणि मूळचे रक्त दहा कोटी पटींहून जास्त विरल झाल्यावरही परजीवी जोमाने वाढत होते. दहा कोटी पटींचा हा आकडा या निबंधाचा कणा आहे असे मी मानतो. परजीवी नुसते तग धरून राहिले असते, तर एवढ्या विरलतेनंतर एकही उरला नसता. त्याच वर्षी वॉल्टर रीड या लष्करी संशोधन संस्थेतल्या गटानेही फाल्सिपेरमच्या संवर्धनाचे यश स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले.

हे यश कशामुळे मिळाले, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माध्यम नवे नव्हते. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉझवेल पार्क संस्थेत ते माणसाच्या पांढऱ्या पेशींसाठी तयार झाले होते आणि बाजारात सहज मिळत होते. ऑक्सिजन कमी ठेवणे हा मोठा बदल होता. आपल्याला ऑक्सिजन लागतो म्हणून परजीवीलाही भरपूर लागत असेल, हे गृहीत त्यांनी सोडून दिले. फाल्सिपेरम आपली ऊर्जा बहुतांशी साखर तोडून मिळवतो आणि त्याची प्रौढ रूपे शरीरात ज्या बारीक केशवाहिन्यांत चिकटून बसतात, तिथे ऑक्सिजन कमीच असतो. दुसरा बदल म्हणजे रक्त हलवणे थांबले. तांबड्या पेशी तळाशी पातळ थरात बसू दिल्या आणि वरचे माध्यम हलकेच बदलत राहिले. फुटलेल्या पेशीतून बाहेर पडलेल्या मेरोझोइटला, म्हणजे परजीवीच्या नव्या पिल्लाला, फार थोड्या वेळात नवी पेशी गाठावी लागते, आणि स्थिर थरात ती अगदी शेजारी असते. शरीराची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा परजीवी प्रत्यक्षात कुठे आणि कसा राहतो हे पाहणे जास्त फलदायी ठरले.

आणखी एक गोष्ट नंतर स्पष्ट झाली. परजीवी तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन पचवतो आणि त्यातून बहुतेक सगळी अमिनो आम्ले मिळवतो. पण प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्युसीन हे अमिनो आम्ल मुळीच नसते, त्यामुळे तेवढे एक बाहेरूनच मिळावे लागते. आरपीएमआय माध्यमात ते असते. पँटोथेनिक आम्लही असते. इतर प्रयोजनासाठी बनवलेल्या या माध्यमात फाल्सिपेरमच्या नेमक्या गरजा भागत होत्या.

पुढच्याच वर्षी, १९७७ साली, जेन्सन आणि ट्रेगर यांनी जे केले त्याचे मोल मला मूळ शोधाइतकेच वाटते. ठरावीक प्रमाणात मिसळलेल्या वायूंचे सिलिंडर जगातल्या किती प्रयोगशाळांना परवडणार होते? त्यांनी दाखवले की झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या डेसिकेटरमध्ये पेट्री डिश ठेवाव्यात, आत एक मेणबत्ती पेटवावी आणि झाकणाची तोटी ज्योत विझत आली की बंद करावी. आतल्या हवेत ऑक्सिजन साधारण १७ टक्क्यांपर्यंत उतरतो, कार्बन डायऑक्साइड ३ टक्क्यांच्या आसपास जातो, आणि फाल्सिपेरमला एवढेही पुरते. मुदत उलटल्यामुळे रुग्णाला देता न येणारे रक्तपेढीतले रक्तही चालते, हेही त्याच निबंधात आले. हिवताप ज्या देशांत आहे, त्या देशांतल्या लहान प्रयोगशाळांना या दोन वाक्यांनी दार उघडून दिले. आफ्रिका, थायलंड आणि भारतातल्या कितीतरी संशोधकांचे पहिले संवर्धन मेणबत्तीच्या डेसिकेटरमध्ये झाले आहे, आणि माझेही तिथेच झाले.

आता रोजच्या कामाबद्दल. फ्लास्कमध्ये माध्यमाच्या मानाने पेशी थोड्याच असतात, शंभर भागांत पाच किंवा त्याहूनही कमी. पेशी ओ गटाच्या घेतात, म्हणजे कोणत्याही गटाचे सीरम चालते. आधी त्या तीन-चार वेळा धुऊन पांढऱ्या पेशी काढून टाकायच्या. पूर्वी माणसाचे सीरम लागे आणि ते मिळवणे हे आपल्याकडे मोठे दिव्य असे, कारण दात्याला हिवताप होऊन गेलेला असला की त्याच्या सीरममधल्या प्रतिपिंडांनी संवर्धन मंदावते, आणि दात्याने अलीकडे हिवतापाचे औषध घेतले असले तर ते संपतेच. आता त्याऐवजी मेदयुक्त गोवंशीय अल्ब्युमिन बऱ्याच ठिकाणी वापरतात. वाढणारे परजीवी साखर इतक्या वेगाने खातात आणि इतके लॅक्टिक आम्ल सोडतात की माध्यम आम्लधर्मी होऊन त्याचा गुलाबी-नारिंगी रंग पिवळट पडू लागतो. म्हणून माध्यम रोज बदलावे लागते. रविवार असो वा लक्ष्मीपूजन, कोणीतरी प्रयोगशाळेत यावेच लागते.

परजीवींचे प्रमाण वाढले की त्यातला थोडा भाग नव्या पेशींत घालून पुढे चालवायचा. घरी कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावतात, तसेच हे आहे, आणि विरजणासारखेच इथेही मूळ वाण शुद्ध राखण्याला सगळ्यात जास्त महत्त्व असते. शंभर पेशींतल्या पाचांत परजीवी झाले की मी ते विरल करून अर्ध्या-एक टक्क्यावर आणत असे. दहाच्या पुढे जाऊ दिले की दुसऱ्या दिवशी काचपट्टीवर आक्रसलेले, काळपट ठिपक्यांसारखे परजीवी दिसतात, आणि मग ते सावरायला बरेच दिवस जातात.

काचपट्टीचे वाचन हा या कामाचा आत्मा आहे. मला ते एका ज्येष्ठ तंत्रज्ञांनी शिकवले, ज्यांना सगळे काका म्हणत. ते पूर्वी हिवताप नियंत्रणाच्या कामात होते आणि रक्तलेपाच्या हजारो काचपट्ट्या त्यांच्या नजरेखालून गेल्या होत्या. थेंब किती घ्यायचा, दुसरी काच किती तिरकी धरायची, लेप मिथेनॉलमध्ये किती क्षण बुडवायचा, गिम्सा रंग ताजाच का मिसळायचा, हे सगळे ते हात धरून शिकवत. “रंग बघून घाई करू नकोस, आधी पेशी बघ,” असे ते म्हणत. पेशींचा आकार आणि त्यांची कड नीट पाहण्याची सवय मला त्यांच्यामुळे लागली. संवर्धन बिघडते आहे याची पहिली खूण परजीवीच्या आधी तांबड्या पेशींत दिसते.

सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते ते खरोखर विलक्षण असते. नुकत्याच शिरलेल्या परजीवीचे अंगठीसारखे दिसणारे कोवळे कडे, मग फुगत जाणारा आणि हिमोग्लोबिन पचवून तपकिरी कण साठवणारा ट्रोफोझोइट, मग अनेक केंद्रके असलेला शायझोंट, आणि ४८ तासांच्या सुमारास पेशी फुटून बाहेर पडणारे डझन-दोन डझन मेरोझोइट. फाल्सिपेरमच्या रुग्णाच्या बोटातून घेतलेल्या रक्तात यातली फक्त कडीच बहुधा दिसतात, कारण प्रौढ परजीवी असलेल्या पेशी मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या आणि इतर अवयवांच्या केशवाहिन्यांत चिकटून बसतात. मृत्यू ज्यांच्यामुळे होतो ती रूपे रक्त तपासणाऱ्याच्या डोळ्यांपासून लपलेली असतात. संवर्धनामुळे ती पहिल्यांदा हवी तेव्हा, हवी तितकी हाताशी आली.

संवर्धनातले परजीवी हळूहळू वेगवेगळ्या वयांचे होतात, आणि प्रयोगाला एकाच वयाचे लागतात. यासाठी १९७९ साली लॅम्ब्रोस आणि व्हॅन्डरबर्ग यांनी सुचवलेली पद्धत अजूनही जगभर वापरली जाते. पेशी ५ टक्के सॉर्बिटॉलमध्ये काही मिनिटे ठेवायच्या. वाढलेला परजीवी आपले पोषण आत घेण्यासाठी तांबड्या पेशीच्या आवरणात नव्या वाटा उघडतो. त्याच वाटांनी सॉर्बिटॉल आत शिरते, मागोमाग पाणी शिरते आणि ती पेशी फुटते. कोवळ्या कड्यांनी अजून या वाटा उघडलेल्या नसतात, म्हणून ती वाचतात. परजीवीने स्वतःच्या सोयीसाठी केलेली व्यवस्था त्याच्याच विरुद्ध वापरणारी इतकी सुंदर युक्ती मी जीवशास्त्रात फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

या सगळ्यातून काय निष्पन्न झाले? यादी करायची म्हटली तर संपणार नाही, म्हणून मला सगळ्यात जवळची वाटणारी उदाहरणे घेतो. पहिले आपल्या गडचिरोली, नंदुरबारशी जोडलेले आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा एक जनुक बाळगणाऱ्या माणसाला फाल्सिपेरमच्या गंभीर आजारापासून संरक्षण मिळते, हे १९५० च्या दशकापासून माहीत होते. पण ते नेमके कसे मिळते हे कोणाला दाखवता येत नव्हते. संवर्धन हाती आल्यावर दोनच वर्षांत, १९७८ साली, मिल्टन फ्रीडमन यांनी सिकलसेल वाहकांच्या तांबड्या पेशींत फाल्सिपेरम वाढवला. ऑक्सिजन भरपूर असताना तो त्या पेशींत नेहमीसारखा वाढला, आणि ऑक्सिजन कमी केला तेव्हा मेला. म्हणजे परजीवी ज्या ऑक्सिजन-विरळ केशवाहिन्यांत आश्रय घेतो, तिथेच या पेशी त्याला घातक ठरतात. विदर्भातल्या आणि सातपुड्यातल्या आदिवासी समाजांत हा जनुक मोठ्या प्रमाणात आढळतो, आणि त्याच भागांनी फाल्सिपेरमचा त्रासही पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. सिकलसेलच्या रुग्णांच्या वेदना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा जनुक टिकून का राहिला याचे उत्तर या प्रयोगातून मिळते.

दुसरे उदाहरण चिकाटीचे आहे. आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या मुख्य औषधाला कंबोडियातले परजीवी दाद देईनासे होऊ लागले, तेव्हा त्यामागचा जनुकीय बदल कोणता हे शोधायचे होते. एका फ्रेंच गटाने टांझानियातून आलेला फाल्सिपेरमचा एक वाण घेतला आणि त्याला आर्टेमिसिनिनचा मारा वाढवत वाढवत, विश्रांती देत देत, तब्बल पाच वर्षे आणि १२५ फेऱ्या संवर्धनात ठेवले. जो वाण टिकला त्याच्या जनुकसंचाची मूळ वाणाशी तुलना केल्यावर के१३ या जनुकातला बदल समोर आला, आणि कंबोडियातल्या रुग्णांच्या परजीवींतही त्याच जनुकात बदल सापडले. हे संशोधन जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आज जगभर आर्टेमिसिनिनला होणाऱ्या प्रतिकारावर जी नजर ठेवली जाते, ती मुख्यतः या जनुकाकडे पाहून. पाच वर्षे रोज माध्यम बदलणाऱ्या, सुट्टीच्या दिवशी येऊन काचपट्टी वाचणाऱ्या माणसांविना हे झाले नसते, हे मी मनापासून सांगतो.

औषधांच्या शोधातही असेच. २०१० साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने जवळपास वीस लाख रसायने फाल्सिपेरमच्या संवर्धनावर तपासून त्यातली परजीवीला रोखणारी १३,५३३ रसायने सर्वांसाठी खुली केली. माकडांवर किंवा उंदरांवर एवढी चाचणी कोणी कल्पनेतही करू शकले नसते.

तिसरे उदाहरण पुण्याला येऊन पोहोचते. नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळाजवळ राहणाऱ्या, हिवतापाच्या देशात कधीही न गेलेल्या एका व्यक्तीला फाल्सिपेरमचा आजार झाला. विमानातून आलेला डास चावला असावा. त्या रक्तातला परजीवी नायमेखेनच्या प्रयोगशाळेत संवर्धनात रुळला आणि त्याला एनएफ५४ हे नाव मिळाले. त्यातूनच एका परजीवीपासून वाढवलेला ३डी७ हा वाण निघाला, आणि २००२ साली फाल्सिपेरमचा जो पहिला संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तो या ३डी७ चा. ऑक्सफर्ड विद्यापीठाने घडवलेल्या आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर२१ या लशीत परजीवीच्या ज्या प्रथिनाचा भाग आहे, त्याचा क्रम एनएफ५४ चाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये या लशीची शिफारस केली.

संवर्धनाच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर चित्र खोटे होईल. फ्लास्कमध्ये प्लीहा नाही, प्रतिकारशक्ती नाही, डास नाही. त्यामुळे तिथे टिकण्यासाठी जे लागत नाही ते परजीवी टाकून देत जातो. पेशीला केशवाहिनीत चिकटवणाऱ्या गाठी काही वाणांत नाहीशा होतात, कारण त्यांची जबाबदारी असलेला गुणसूत्राचा तुकडाच गळून पडतो. डासात जाण्यासाठी लागणारी नर-मादी रूपे तयार करण्याची क्षमताही पुष्कळ वाण गमावतात. ही हानी पुढे उपयोगी पडली हे खरे. ३डी७ पासून निघालेल्या, ही रूपे न बनवणाऱ्या एका वाणाचा अभ्यास करूनच एपी२-जी हा त्यांच्या निर्मितीचा मुख्य नियंत्रक सापडला. तरीही फ्लास्कमधल्या परजीवीवरून रुग्णाबद्दल निष्कर्ष काढताना हात आखडता घ्यावा लागतो.

शिवाय रुग्णाच्या रक्तातला प्रत्येक परजीवी संवर्धनात रुळतोच असे नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आलेल्या रुग्णांच्या फाल्सिपेरमवर तिथल्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राने हाच प्रश्न तपासला आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही वाण लवकर रुळतात, काही रेंगाळतात आणि काही रुळतच नाहीत. म्हणजे आपण ज्यांचा अभ्यास करतो ते आधीच निवडले गेलेले असतात.

आणि इथे मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. फाल्सिपेरमच्या वेगवेगळ्या वाणांत एवढा फरक, तर वेगळ्या जातीचे काय? माणसाला हिवताप देणाऱ्या मलेरी आणि ओव्हले या जातींचे सलग संवर्धन आजही होत नाही, आणि व्हायवॅक्सचेही होत नाही. बास आणि जॉन्स यांच्या १९१२ च्या निबंधाच्या शीर्षकातच व्हायवॅक्स होता. त्याला शंभरहून अधिक वर्षे झाली.

अडचण कुठे आहे हे आता बऱ्यापैकी कळले आहे. फाल्सिपेरम कोणत्याही वयाच्या तांबड्या पेशीत शिरतो. व्हायवॅक्सला फक्त कोवळ्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, लागतात, आणि त्या रक्तातल्या तांबड्या पेशींत शेकडा एकाच्या आसपास असतात. त्यातही ज्यांच्या आवरणावर ट्रान्सफेरिन ग्राहक हे लोह आत घेणारे प्रथिन अजून शिल्लक आहे अशा सर्वांत कोवळ्या पेशी त्याला आवडतात, आणि तो ग्राहक हीच आत शिरण्याची एक कळ आहे, हे २०१८ साली दाखवले गेले. अशा पेशी बहुतेक अस्थिमज्जेतच असतात. फ्लास्कमध्ये घातल्या तरी एक-दोन दिवसांत त्या प्रौढ होतात आणि व्हायवॅक्सच्या कामाच्या राहत नाहीत. तेव्हा ४८ तासांच्या प्रत्येक चक्राला नव्या कोवळ्या पेशींचा भरपूर पुरवठा हवा. १९९७ साली वॉल्टर रीडच्या गटाने लोहसंचयाच्या विकारासाठी वारंवार रक्त काढून घ्यावे लागणाऱ्या रुग्णांचे रक्त वापरून काही चक्रे साधली होती, कारण अशा रुग्णांच्या रक्तात कोवळ्या पेशी जास्त असतात. पण ते सलग संवर्धन होऊ शकले नाही.

याचा परिणाम असा की फाल्सिपेरमबद्दल जे प्रश्न एका आठवड्यात सुटतात, तेच व्हायवॅक्सबद्दल वर्षानुवर्षे लोंबकळत राहतात. क्लोरोक्विन व्हायवॅक्सवर अजून किती चांगले चालते हे पाहायचे तर रुग्णाचे ताजे रक्त काही तासांत प्रयोगशाळेत आणावे लागते, एकच चक्र वाढवून किती परजीवी शायझोंटपर्यंत पोहोचले ते मोजावे लागते, आणि मग तो वाण संपतो. पुन्हा तोच प्रयोग करून पडताळता येत नाही. यकृतात दडून राहून महिन्यांनी परत ताप आणणारी त्याची सुप्त रूपे अभ्यासायची तर आधी रुग्णाचे रक्त डासांना पाजावे लागते, डासांच्या लाळग्रंथींतून परजीवी काढावे लागतात आणि ते माणसाच्या यकृतपेशींवर घालावे लागतात. त्या सुप्त रूपांवर आपल्याकडे रुग्णाला चौदा दिवस प्रायमाक्विन घ्यावे लागते, आणि पाचव्या दिवशी बरे वाटू लागल्यावर किती जण ते पूर्ण करतात हे कोणत्याही आरोग्यसेविकेला विचारावे. कमी दिवसांचे, सुरक्षित औषध शोधण्याच्या वाटेवर संवर्धनाचा अभाव हा मोठा अडसर आहे.

काही आडवाटा निघाल्या आहेत. रॉबर्ट नोलेस आणि बी. एम. दासगुप्ता यांनी १९३२ साली कलकत्त्यात ज्या माकड-हिवतापाचे वर्णन केले आणि तो माणसाला होऊ शकतो हे दाखवले, तो नोलेसी २०१३ साली माणसाच्या तांबड्या पेशींत सलग वाढवता आला. व्हायवॅक्सशी त्याचे नाते फाल्सिपेरमपेक्षा जवळचे आहे, म्हणून व्हायवॅक्सची प्रथिने नोलेसीमध्ये बसवून त्यांचा अभ्यास करता येतो. माकडांतल्या सायनोमोल्गी या व्हायवॅक्सच्या अगदी निकटच्या नातलगाचेही सलग संवर्धन २०१९ मध्ये जाहीर झाले, पण त्याला माकडांचे रक्त लागते. मूळ पेशींपासून प्रयोगशाळेत रेटिक्युलोसाइट तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि ते आजही फार खर्चिक आहेत.

नवजात बाळाच्या नाळेच्या रक्तात मात्र कोवळ्या तांबड्या पेशी प्रौढाच्या रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि बाळंतपणानंतर ते रक्त बहुतेक ठिकाणी टाकूनच दिले जाते. मुंबईतल्या आणि गोव्यातल्या मोठ्या सार्वजनिक इस्पितळांत जुलै ते ऑक्टोबर या काळात व्हायवॅक्सचे रुग्ण आणि प्रसूतिकक्ष एकाच आवारात असतात. युरोप-अमेरिकेतल्या कोणत्याही समृद्ध प्रयोगशाळेला ही सोय नाही. त्यांना व्हायवॅक्सचे रक्त गोठवून, हजारो किलोमीटरवरून आणावे लागते. मातेची संमती आणि नैतिकता समितीची परवानगी घेऊन, नाळेच्या रक्तातून कोवळ्या पेशी वेगळ्या काढणारा एक लहान कक्ष आणि त्याच्या शेजारी हिवताप संवर्धनाचे एक टेबल, एवढी व्यवस्था अशा एखाद्या इस्पितळात तीन-चार पावसाळे सलग चालावी, असे मला फार वाटते. यात सलग संवर्धन साधेलच असे नाही. पण दोन चक्रांऐवजी पाच चक्रे जरी साधली, तरी एकाच रुग्णाच्या परजीवीवर औषधाची चाचणी पुन्हा करून पडताळता येईल, आणि तेवढ्यानेही आज अडलेली बरीच कामे पुढे सरकतील.